'गोइंग टू द डॉग्स' म्हणजे नक्की काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी पेपर वाचताना, क्रिकेटची कॉमेंट्री ऐकताना, नाहीतर परदेशातल्या शेजाऱ्याशी गप्पा मारताना कधी ना कधी हा वाक्प्रचार कानावर पडतोच. अर्थ बहुतेकांना अंदाजाने कळतो, पण स्वतः वापरायची वेळ आली की गडबड होते, कारण यात नुसता अर्थ नाहीये, बोलणाऱ्याचा वैताग पण आहे, आणि तो वैताग कुठे चालतो नि कुठे नाही हे यादी पाठ करून कळत नाही. म्हणून क्लासमध्ये आणि मेसेजवर मला परत परत विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केलेत.

सरळ अर्थ काय?

एखादी गोष्ट आधी चांगली होती आणि आता तिची पार दुरवस्था झालीय, किंवा होत चाललीय. 'द कंट्री इज गोइंग टू द डॉग्स' म्हणजे देशाचं काही खरं नाही, सगळं खालावत चाललंय. यातला 'आधी चांगली होती' हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. जे हॉटेल उघडल्या दिवसापासून वाईटच होतं त्याला हे लागू होत नाही. ज्या हॉटेलात पूर्वी लोक लांबून जेवायला यायचे, मालक बदलला, आणि आता टेबलं पण नीट पुसत नाहीत, त्याच्याबद्दल बोला: 'दॅट प्लेस हॅज गॉन टू द डॉग्स.'

आणि यात कुत्र्यांचा काय संबंध?

जे माणसाच्या खायच्या लायकीचं राहिलं नाही ते कुत्र्यांपुढे टाकायचं, असा जुना रिवाज, त्यातून हे आलं असं साधारणपणे मानतात. शिळं, खराब झालेलं, हाडकं वगैरे. म्हणजे एखादी वस्तू कुत्र्यांकडे गेली याचा अर्थ ती माणसाच्या कामाची उरली नाही. शेक्सपिअरच्या मॅकबेथमध्ये राजा चिडून वैद्याला म्हणतो की तुझं औषध कुत्र्यांना घाल, मला नको, आणि ते नाटक सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये पण मुलांची भाकरी घेऊन कुत्र्यांपुढे टाकणं बरं नव्हे असं वाक्य आहे. म्हणजे ही कल्पना इंग्रजी भाषेत चांगलीच मुरलेली आहे.

आज इंग्लंड-अमेरिकेत कुत्रा घरात सोफ्यावर झोपतो, त्याचा वाढदिवस होतो, त्यामुळे आपल्याला हे विचित्र वाटतं. पण इंग्रजीतले जुने वाक्प्रचार बघितले तर कुत्र्याच्या नशिबी वाईटच आहे सगळीकडे. 'अ डॉग्ज लाइफ' म्हणजे हालअपेष्टांचं जगणं, 'सिक ॲज अ डॉग' म्हणजे भयंकर आजारी, 'अ डॉग्ज डिनर' म्हणजे कामाचा केलेला घोळ. यातले जुने वाक्प्रचार त्या काळातले आहेत जेव्हा कुत्रा अंगणाच्या बाहेर असायचा.

मी तर वाचलं की हे कुत्र्यांच्या शर्यतीवरून आलंय. लोक जुगारात पैसे घालवून बरबाद व्हायचे म्हणून. खरं का?

नाही, आणि हे इतक्या ठिकाणी छापलेलं असतं की जरा सविस्तर सांगते. ग्रेहाउंड नावाच्या शिकारी कुत्र्यांची गोल ट्रॅकवरची शर्यत, ज्यात पुढे यांत्रिक ससा पळतो आणि मागे कुत्रे, ही भानगड मुळात अमेरिकेतली, विसाव्या शतकातली. ब्रिटनमध्ये ती पहिल्यांदा झाली २४ जुलै १९२६ ला, मँचेस्टरच्या बेल व्ह्यू स्टेडियममध्ये. त्यानंतर मात्र हे खूळ झपाट्याने पसरलं, कामगार वस्त्यांमधल्या लोकांना संध्याकाळी पायी जाता येईल असं हे स्टेडियम, तिकीट परवडणारं, आणि पैज लावायची सोय. त्यात पैसे घालवणारे पण पुष्कळ होते, म्हणून शर्यतीची गोष्ट पटते ऐकताना.

पण वाक्प्रचार १९२६ च्या कितीतरी आधीपासून छापील इंग्रजीत आहे, शेकडो वर्षं. शर्यत नंतर आली, त्यामुळे अर्थ तिच्यावरून येऊच शकत नाही. वाक्प्रचारांच्या उगमाच्या अशा गोड गोष्टी खूप फिरतात नि पटकन लक्षात राहतात, पण तारखा जुळवून बघितल्या की बऱ्याच गळून पडतात. माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच सांगते की गोष्ट कितीही आवडली तरी आधी वर्ष बघा.

मग लंडनमध्ये कोणी 'वी आर गोइंग टू द डॉग्स टुनाइट' म्हटलं तर?

तर ते शर्यत बघायला चाललेत. ब्रिटनमध्ये ग्रेहाउंड रेसिंगला बोलताना नुसतं 'द डॉग्स' म्हणतात, तसंच 'अ नाइट ॲट द डॉग्स' म्हणजे मित्रांबरोबर शर्यत, जेवण, थोडी पैज अशी संध्याकाळ. कर्ता माणूस आहे आणि वेळ दिलीय (आज रात्री, शनिवारी) तर शर्यत. कर्ता देश, शाळा, रस्ता, टीम असेल तर अधोगती. संदर्भावरून लगेच कळतं.

तिकडे नवीन गेलेल्या आपल्या लोकांना मात्र हा शर्यतीचा अर्थ आता कमी ऐकू येईल, कारण स्टेडियमच बंद होत गेली. लंडनमधलं वॉल्थमस्टो २००८ मध्ये बंद झालं, विम्बल्डनचं २०१७ मध्ये, आणि जिथून सुरुवात झाली त्या बेल व्ह्यूमध्ये पण २०२० मध्ये शर्यती थांबल्या. प्राण्यांच्या हालांवरून होणारा विरोध, जमिनीचे भाव, आणि पैज आता फोनवरच लागते, अशी कारणं त्यामागे आहेत.

'द' लावायलाच पाहिजे का? 'गो टू डॉग्स' चालत नाही का?

चालत नाही. 'द' पाहिजेच आणि 'डॉग्स' अनेकवचनीच पाहिजे. मराठीत 'द' सारखं काही नसल्यामुळे तो आपल्याकडून हमखास गळतो, आणि इथे गळला की ऐकणाऱ्याला खटकतं. वाक्प्रचार हा अख्खा तुकडा म्हणूनच येतो, 'गो टू अ डॉग', 'गो टू द डॉग' असं काही केलं तर तो वाक्प्रचार राहत नाही, माणूस खरंच कुत्र्याकडे चाललाय असं होतं.

उच्चारात शेवटी 'स' नाही, 'झ' च्या जवळचा आवाज आहे, डॉग्झ. लिहिताना आपण 'डॉग्स' लिहितो ते ठीक आहे, बोलताना लक्ष ठेवा. आणि 'टू' वर जोर नाही द्यायचा, जोर 'डॉग्स' वर.

कुठल्या काळात वापरायचं?

दोन रूपं सगळ्यात जास्त ऐकू येतात. 'इज गोइंग टू द डॉग्स', म्हणजे घसरण चालू आहे, अजून पूर्ण बुडालेलं नाही. आणि 'हॅज गॉन टू द डॉग्स', म्हणजे झालं, गेलं. यातला फरक खरा आहे, क्लबच्या मीटिंगमध्ये पहिलं म्हटलं तर 'अजून सावरा' असा सूर निघतो, दुसरं म्हटलं तर 'मी हात टेकले' असा.

बऱ्याच दिवसांपासून चाललंय असं सांगायचं तर 'हॅज बीन गोइंग टू द डॉग्स फॉर इयर्स'. कधीपासून ते सांगायचं तर 'एव्हर सिन्स' जोडतात, 'एव्हर सिन्स द न्यू मॅनेजमेंट टुक ओव्हर, द प्लेस हॅज गॉन टू द डॉग्स'. आपल्या हातून, दुर्लक्षामुळे झालं असेल तर 'लेट' येतं, 'दे लेट द ओल्ड हाउस गो टू द डॉग्स'. हे शेवटचं फार उपयोगी आहे, गावाकडच्या वाड्यांबद्दल बोलताना तर नेमकं बसतं, भावाभावांत वाटणी होत नाही, कोणी कौलं शाकारत नाही, आणि डोळ्यांसमोर भिंत खचते.

'हॅज वेंट' कधीच नाही. 'वॉज गॉन टू द डॉग्स' पण नाही.

माणसाबद्दल वापरता येतं का?

येतं, पण जपून. दारू, जुगार, वाईट संगत यामुळे चांगला माणूस वाया गेला, अशा अर्थाने जुन्या इंग्रजीत हे खूप सापडतं. आज माणसाबद्दल हे जरा जुनाट आणि कठोर वाटतं. एखाद्याने ताळतंत्र सोडलं तर हल्ली 'गॉन ऑफ द रेल्स' जास्त म्हणतात, आणि नुसतं दिसण्याकडे, तब्येतीकडे दुर्लक्ष केलं असेल तर 'लेट हिमसेल्फ गो'. माझं मत विचाराल तर व्यसनात अडकलेल्या माणसाबद्दल हा वाक्प्रचार वापरूच नये. तो आजार आहे, आणि त्याच्या घरचं कोणी ऐकत असेल तर हे फार लागतं.

कशाबद्दल नाही वापरायचं?

तात्पुरत्या बिघाडाबद्दल नाही. प्रिंटर आज चालत नाही, लोकल लेट आहे, पावसामुळे पिकनिक रद्द झाली, यातल्या कशालाच हे लागत नाही. दूध नासलं, भाजी सडली यालाही नाही. हा वाक्प्रचार दर्जासाठी, व्यवस्थेसाठी, शिस्तीसाठी आहे: शाळा, पेपर, टीव्ही चॅनल, क्लब, शहर, देश, भाषा, टीम.

ऑफिसच्या मेलमध्ये किंवा निबंधात चालेल?

शिवी नाहीये, अश्लील नाहीये, त्यामुळे घरात, मित्रांत, पेपरातल्या लेखात बिनधास्त चालतं. पण ऑफिसच्या मेलमध्ये नको. तुम्ही साहेबांना लिहिलंत की आपला सपोर्ट डिपार्टमेंट 'हॅज गॉन टू द डॉग्स', तर तुम्ही माहिती दिली असं होत नाही, राग काढला असं होतं, आणि त्या डिपार्टमेंटमधल्या प्रत्येकाला तो आपल्यावर वाटतो. तिथे साधं लिहा, 'द क्वालिटी हॅज डिक्लाइन्ड', आणि पुढे आकडे द्या, किती तक्रारी, किती दिवस उशीर. परीक्षेतल्या निबंधात एखाद्या पात्राच्या तोंडी घातलंत तर छान, तुमच्या स्वतःच्या मुद्द्यात 'डिटिरिओरेट' किंवा 'डिक्लाइन' बरं.

हे म्हणणारा माणूस तक्रारखोर वाटतो का?

हो, आणि हे ब्रिटनमध्ये तर ठरलेलंच आहे. 'सगळा देश बुडाला, आमच्या वेळी असं नव्हतं' असं पेपरला पत्र लिहिणाऱ्या रागावलेल्या वाचकाला तिकडे एक गमतीचं नावच पडलंय, 'डिस्गस्टेड ऑफ टनब्रिज वेल्स'. टनब्रिज वेल्स हे इंग्लंडच्या केंट परगण्यातलं खातंपितं गाव. तर 'द कंट्री इज गोइंग टू द डॉग्स' हे त्या पत्राचं अगदी शोभणारं वाक्य. त्यामुळे बरेच इंग्रज लोक हा वाक्प्रचार थोडं हसूनच वापरतात, आपण म्हाताऱ्यासारखं बोलतोय हे त्यांना माहीत असतं. तुम्ही अगदी गंभीरपणे म्हणालात आणि समोरचा हसला, तर तो तुम्हाला हसत नाहीये, त्या वाक्यामागच्या माणसाला हसतोय.

परदेशात राहतो. एखाद्या एरियाबद्दल 'हा एरिया गॉन टू द डॉग्स' असं म्हटलेलं ऐकतो. आपण म्हणावं का?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून वेळ घेते. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलियात एखाद्या वस्तीबद्दल हे म्हटलं जातं तेव्हा कधी कधी कारण खरंच कचरा, बंद पडलेली दुकानं, चोऱ्या हे असतं. कारखाना बंद झाला, रोजगार गेला, बाजारपेठेतली निम्मी शटर्स खाली, तर माणूस म्हणणारच. पण कधी कधी त्याच वाक्याचा अर्थ एवढाच असतो की 'आता इथे वेगळ्या रंगाचे, वेगळ्या देशाचे लोक राहायला आलेत'. उघड बोलायचं नसतं म्हणून हा वाक्प्रचार पुढे केला जातो. ऐकणाऱ्याला ते बरोब्बर कळतं. आणि ज्यांच्याबद्दल असं म्हटलं गेलंय त्यात आपलेही लोक आहेत, साठ-सत्तरच्या दशकात इंग्लंडला गेलेल्या भारतीयांना विचारा.

म्हणून वस्तीबद्दल बोलायचं असेल तर काय बिघडलं ते नाव घेऊन सांगा. दिवे लागत नाहीत, लायब्ररी बंद केली, बस कमी केल्या. हे सांगितलं की वाक्य माणसांवर जात नाही, कारभारावर जातं. मुंबई-पुण्यातही हेच आहे, 'आमची कॉलनी पूर्वी चांगली होती, आता कोण कोण राहायला आलंय' हे मराठीतलं वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय, आणि त्याचा रोख कुणावर असतो तेही माहीत आहे.

मराठीत याला नेमकं काय म्हणायचं?

एकच शब्द नाही, आणि ते चांगलंच आहे, कारण मराठीत घसरणीच्या तऱ्हा वेगवेगळ्या सांगता येतात. सगळ्यात जवळचं 'उतरती कळा लागली'. चंद्राच्या कलेसारखं हळूहळू कमी होत जाणं, फक्त यात राग नाही, थोडी हळहळ आहे. राग पाहिजे असेल तर 'रसातळाला गेलं', रसातळ म्हणजे सात पाताळांपैकी एक, हे अग्रलेखात आणि भाषणात शोभतं, देश, राजकारण, शिक्षण असल्या मोठ्या विषयांना. जागेसाठी 'रया गेली' किंवा 'अवकळा आली', जुना वाडा, जुनं थिएटर, ओस पडलेली बाजारपेठ. कामासाठी 'बट्ट्याबोळ'. एखाद्याच्या आयुष्याचं, घरादाराचं 'वाटोळं' होतं.

'वाट लागली' हे सगळे पटकन सुचवतात पण ते पूर्ण जुळत नाही. वाट एका दिवसात पण लागते, पेपर अवघड गेला की लागली वाट. डॉग्सकडे जायला वेळ लागतो.

मराठीत पण 'कुत्रं हाल खात नाही' म्हणतात ना, ते हेच का?

दोन्हींत कुत्रा आहे खरा, पण अर्थ तोच नाही. 'त्याचे हाल कुत्रं खात नाही' हे माणसाच्या आत्ताच्या दैन्याबद्दल आहे, इतके हाल की कुत्रंसुद्धा त्याकडे बघणार नाही. आधी चांगलं होतं का वाईट, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. इंग्रजीत घसरण सांगितलीय, मराठीत तळ. भाषांतर करताना एकाच्या जागी दुसरं टाकू नका. जर्मनमध्ये मात्र अगदी जवळचा वाक्प्रचार आहे, तिथेही गोष्टी कुत्र्यांपुढेच जातात, त्यामुळे जर्मन शिकणाऱ्यांना हा आयता मिळतो.

'गॉन फॉर अ टॉस' म्हणजे पण तेच ना?

नाही, आणि हा तर आपल्या इकडचा आहे. 'माय डाएट हॅज गॉन फॉर अ टॉस', 'ऑल प्लॅन्स वेंट फॉर अ टॉस' हे भारतीय इंग्रजीत रोज ऐकू येतं, ब्रिटिश किंवा अमेरिकन माणसाला मात्र ते कळेलच असं नाही. भारतात खुशाल वापरा, ते आपलं इंग्रजी आहे, त्यात कमीपणा काही नाही. फक्त त्याचा अर्थ ठरवलेलं बिघडलं, घडी विस्कटली असा आहे. दर्जा वर्षानुवर्षं घसरण्यासाठी ते नाही.

'गो टू पॉट', 'गो टू सीड', 'गो डाउनहिल', 'गो साउथ', हे सगळे एकच का?

सगळे खालीच नेतात पण वेगवेगळ्या वाटेने.

'गो टू पॉट' मधलं पॉट हे स्वयंपाकाचं भांडं आहे, गांजा नाही, हा गैरसमज पुष्कळांचा आहे. मांसाचे तुकडे करून भांड्यात टाकले की त्यांचं काही उरत नाही, त्यावरून. यात दुर्लक्षाची छटा जास्त, व्यायाम बंद झाला, बाग बघायला कोणी नाही, हिशोब लिहिले नाहीत.

'गो टू सीड' आपल्या लोकांना पटकन कळावं असं आहे. कोथिंबीर, पालक वेळेवर काढला नाही तर तुरे येतात, फुलतं, बी धरतं, आणि पानं खायच्या लायकीची राहत नाहीत. इंग्रजीत हे माणसाबद्दल आणि जागेबद्दल वापरतात, जो एके काळी टापटीप होता आणि आता गबाळा झालाय. शब्द सौम्य आहे, त्यात वयाची चाहूल आहे.

'गो डाउनहिल' सगळ्यात साधं नि सुरक्षित, ऑफिसमध्येही चालेल. इंटरव्हलनंतर सिनेमा पडला, ऑपरेशननंतर आजोबांची तब्येत खालावली, दोन्हीला बसतं. एक सांभाळा, 'इट्स ऑल डाउनहिल फ्रॉम हिअर' चे दोन उलटे अर्थ होतात, आता उतार आहे म्हणून सोपं, किंवा आता घसरणच. बोलणाऱ्याचा चेहरा बघून ठरवायचं.

'गो साउथ' अमेरिकेतून आलेलं, नकाशात दक्षिण खाली असते ना, त्यावरून. शेअर, भाव, सौदा, नातं यांच्यासाठी, बिझनेसच्या बातम्यांत भरपूर. देशाची किंवा शाळेची अधोगती सांगायला हे हलकं पडतं.

'ऑन इट्स लास्ट लेग्स' म्हणजे शेवटच्या घटका मोजणं, जुनी स्कूटर, फ्रिज, सरकार सुद्धा. यात दर्जाचा प्रश्न नाही, किती दिवस टिकेल एवढाच आहे.

'थ्रो समवन टू द वुल्व्ह्ज' म्हणजे?

वेगळं. स्वतःला वाचवायला दुसऱ्याला बळी देणं. प्राणी आले म्हणून गल्लत करू नका.

स्पर्धा परीक्षेत काय लिहायचं?

एसएससी (दहावी नव्हे, स्टाफ सिलेक्शन कमिशन), बँक वगैरेच्या पेपरात 'टू गो टू द डॉग्स' दिलं असेल तर पर्यायांमध्ये 'टू बी रुइन्ड' किंवा 'टू डिटिरिओरेट' शोधा. दोन्ही एकत्र सहसा देत नाहीत. 'टू बी रुइन्ड' हा पुस्तकी अर्थ थोडा जास्त टोकाचा आहे, पण खूण तिथेच करा. वाक्यात उपयोग विचारला तर आधी चांगलं होतं ते वाक्यातच दिसू द्या, म्हणजे अर्थ समजलाय हे तपासणाऱ्याला कळतं: 'वन्स द बेस्ट लायब्ररी इन द डिस्ट्रिक्ट, इट हॅज नाऊ गॉन टू द डॉग्स.'

याच्या उलट काय?

घसरलेलं परत वर येत असेल तर 'लुकिंग अप' किंवा 'ऑन द मेंड'. पहिलं परिस्थितीला, दुसरं तब्येतीला आणि नात्याला. पूर्ण सावरलं असेल तर 'टर्न्ड अराउंड'. 'कम बॅक फ्रॉम द डॉग्स' असं काही नसतं, खूप जण बनवून वापरतात म्हणून सांगितलं.

कोणी माझ्यासमोर 'एव्हरीथिंग इज गोइंग टू द डॉग्स' म्हटलं तर काय बोलायचं?

वाद नसेल घालायचा तर 'टेल मी अबाउट इट' म्हणा, म्हणजे 'काही विचारू नका'. मुळीच पटत नसेल तर 'ओह, आय वुडंट गो दॅट फार', म्हणजे इतकंही काही नाही. आणि खरंच जाणून घ्यायचं असेल तर 'व्हाय, व्हॉट्स हॅपन्ड?' एवढं विचारा. बहुतेक वेळा मागे एक अगदी ठरावीक गोष्ट निघते, पार्किंग, फी, नाहीतर नवीन सेक्रेटरी.